बॅगाटेलची पेटी आणि आबांचा दम



गेल्या श्रावणातली ही हकीकत आहे. संध्याकाळी पाऊस कोसळत असताना एक सूनबाई आपल्या सासऱ्यांना रिक्षातून माझ्या दवाखान्यात घेऊन आल्या. वय चौऱ्याहत्तर. आमच्या अंबडच्या औद्योगिक वसाहतीत फिटर म्हणून उभे आयुष्य काढून निवृत्त झालेले हे गृहस्थ. घरी आणि गल्लीत सगळे त्यांना आबा म्हणतात. ही हकीकत लिहिण्यास त्यांनी संमती दिली आहे, आणि ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत.

आबांना सीओपीडी, म्हणजे श्वासनलिकांचा जुनाट विकार आहे. वीस वर्षांपूर्वी विडी सोडली, पण विडीने आणि कारखान्यातील ग्राइंडिंगच्या धुळीने जे करायचे ते करून ठेवले होते. तरीही दोन वेळचा इन्हेलर नियमाने घेणारा, तक्रार न करणारा असा हा रुग्ण. त्या दिवशी मात्र दोन शब्दांनंतर तिसरा शब्द निघत नव्हता. बोटाला लावलेल्या ऑक्सिमीटरवर ८९ आकडा होता. नेब्युलायझर दिला, औषधे दिली, तासाभराने ते जरा सावरले. थंडी नाही, ताप नाही, इन्हेलरही चुकलेला नाही. मग एकाएकी हे का झाले, ते कळेना. तेवढ्यात माझे लक्ष त्यांच्या हातांकडे गेले. नखांच्या कडांत आणि मनगटावरच्या केसांत हिरवट पूड अडकली होती.

“आबा, हे काय?”

उत्तर सूनबाईंनी दिले. “डॉक्टर, आठ दिवस झाले, मागच्या गॅलरीत दार लावून बसतात. पाऊस आत येतो म्हणून खिडक्याही बंद. माळ्यावरचं ते जुनं बॅगाटेल काढलंय. पॉलिश पेपरने घासत असतात नुसतं.”

आपल्यापैकी पन्नाशी ओलांडलेल्या बहुतेकांना बॅगाटेल आठवत असेल. उन्हाळ्याच्या सुटीत कॅरमच्या खालोखाल त्यासाठी भांडणे होत. एका टोकाला अर्धगोल असलेली लाकडी पेटी, तिच्या तळावर ठोकलेले बारीक खिळे, खिळ्यांच्या कुंपणात आकडे लिहिलेली घरे, उजव्या कडेला स्प्रिंगचा दांडा. दांडा ओढून सोडला की गोळी वर जाऊन वळणावरून फिरे आणि खिळ्यांवर टणटणत खाली येई. परदेशात ज्याला पिनबॉल म्हणतात, त्या यंत्राचे हे आजोबाच. १७७७ साली फ्रान्सच्या राजाच्या धाकट्या भावाने पॅरिसजवळच्या आपल्या बॅगाटेल नावाच्या प्रासादात दिलेल्या मेजवानीवरून या खेळाला नाव मिळाले, असे सांगितले जाते. त्या काळी गोळी काठीने ढकलत. स्प्रिंगच्या दांड्याची सुधारणा अमेरिकेत माँटेग्यू रेडग्रेव्ह याने केली. त्याचे पेटंट १८७१ चे आहे. पुढे त्याला वीज, दिवे आणि घंटा जोडल्या गेल्या, १९४७ मध्ये गोळी परत वर मारणारे फ्लिपर आले आणि पिनबॉल जन्मला. हा जुगार आहे, असे ठरवून न्यूयॉर्क शहराने १९४२ पासून १९७६ पर्यंत त्यावर बंदी घातली होती. आमच्या लहानपणी आमच्या आईचेही मत फारसे वेगळे नव्हते, एवढे नमूद करतो.

आबांनी त्यांचे बॅगाटेल १९८६ साली दिवाळीच्या बोनसमधून मुलांसाठी नाशिकच्या मेन रोडवरून आणले होते. काही वर्षांनी कडांचा रंग उडाला, तेव्हा त्यांनीच त्यावर हिरव्या ऑइलपेंटचे दोन हात दिले. दोन वर्षांपूर्वी आबांच्या पत्नी वारल्या. त्यांचे सामान आवरताना माळ्यावर ही पेटी सापडली. सांधे सुटलेले, तळाला एका कोपऱ्यात वाळवी लागलेली, स्प्रिंग गंजून मोडलेली. नातीसाठी ती दुरुस्त करायची, असे आबांनी मनाशी ठरवले आणि कुणाला न विचारता पावसाळ्यात, बंद गॅलरीत, कोरड्या पॉलिश पेपरने ते कामाला लागले.

मी त्या दिवशी जे केले, ते आपल्यापैकी अनेकांनी आपल्या घरच्या वडीलधाऱ्यांच्या बाबतीत केले असेल. मी रागावलो. “आबा, फुप्फुसं आधीच अर्धी गेलीत. हे सगळं आजच्या आज बंद. ताई, ती पेटी भंगारात देऊन टाका.” सूनबाईंना हायसे वाटले. आबा काही बोलले नाहीत.

महिनाभराने ते तपासणीला आले. छाती मोकळी होती, ऑक्सिजन ९४. पण वजन तीन किलोने उतरले होते. पहाटे तीनला जाग येते, मग झोप नाही. जेवणावर वासना नाही. टीव्ही लावून ठेवतात, पण पाहत नाहीत. संध्याकाळी वाचनालयात जाणेही सुटले. सूनबाई म्हणाल्या, “त्रास काहीच देत नाहीत हो आता.” ते वाक्य मला टोचले. मी मानसोपचारतज्ज्ञ नाही, साधा एमबीबीएस आहे. परंतु वृद्धांच्या नैराश्याची चाचपणी करणारी पंधरा साध्या प्रश्नांची एक प्रश्नावली आहे, ती कोणत्याही डॉक्टरला वापरता येते. ती मी घेतली. ‘आपले आयुष्य रिकामे झाले आहे असे वाटते का?’ अशा आशयाच्या प्रश्नाला आबांनी मान हलवून होकार दिला आणि मग म्हणाले, “डॉक्टर, हाताला काम नाही.”

पेटी भंगारात गेली नव्हती. सूनबाईंनी ती पलंगाखाली सरकवून ठेवली होती.

त्यांचा दम धोक्यात घालणारी गोष्ट पेटी नव्हती, पेटीवर काम करण्याची रीत होती. ती रीत मी त्यांना विचारली नव्हती आणि शिकवलीही नव्हती. मी सरळ काम बंद केले होते. ते आम्ही तिघांनी पुन्हा सुरू कसे केले, ते सविस्तर सांगतो. कारण आपल्या घरीही एखादा जुना पाळणा, देव्हारा, शिसवी खुर्ची किंवा रेडिओची पेटी दुरुस्तीची वाट पाहत असेल.

प्रथम रंगाविषयी, कारण त्यात सर्वांत मोठा धोका आहे आणि तो डोळ्यांना दिसत नाही. जुन्या ऑइलपेंटमध्ये, विशेषतः पिवळ्या, शेंदरी आणि हिरव्या छटांत, शिशाची संयुगे घातलेली असत. रंग चकचकीत राही आणि लवकर वाळे. घरगुती व सजावटीच्या रंगांत शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांहून अधिक असू नये, हा नियम आपल्या देशात २०१६ साली झाला आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्यापूर्वीच्या कोणत्याही रंगकामात शिसे आहे, असेच धरून चालावे. भिंतीवर किंवा पेटीवर शांत बसलेला रंग फारसे काही करीत नाही. तो कोरडा घासला की त्याची पूड हवेत जाते, जमिनीवर बसते आणि हाताला लागून तोंडात जाते. ब्लो लॅम्पने किंवा हीट गनने जाळून काढला तर शिशाचे धूर निघतात. ते अधिक वाईट.

शरीरात गेलेले शिसे मोठ्या माणसाच्या हाडांत अनेक वर्षे साठून राहते. वार्धक्यात हाडे विरळ होऊ लागली की ते पुन्हा रक्तात उतरू शकते. रक्तदाब आणि मूत्रपिंडे यांना त्याचा उपद्रव होतो. मुलांच्या बाबतीत तर ते थेट वाढत्या मेंदूवर परिणाम करते, आणि गिळलेल्या शिशाचा मुलांच्या शरीरात शोषला जाणारा वाटा मोठ्या माणसाच्या चार-पाच पट असू शकतो. हे सांगत असताना मी सहज विचारले, “नात तेव्हा कुठे असायची?”

सूनबाईंचा चेहरा उतरला. नात चार वर्षांची. आजोबांच्या शेजारी फरशीवर बसून ती त्या हिरव्या भुकटीत बोटाने चित्रे काढीत असे.

तिच्या रक्तातील शिशाची तपासणी करवून घेतली. डेसिलिटरला ८ मायक्रोग्रॅम आले. शिशाची निर्धोक अशी कोणतीही पातळी नाही. ५ किंवा त्याहून अधिक आकडा आला तर स्रोत शोधून तो बंद करावा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. आठ या आकड्याला औषध नसते. स्रोत बंद करणे हाच उपचार. बालरोगतज्ज्ञांनी तिचे हिमोग्लोबिन तपासले, लोहाची कमतरता होती म्हणून लोह सुरू केले, कारण लोह व कॅल्शियम कमी असलेल्या मुलात शिसे जास्त शोषले जाते. गॅलरी झाडूने झाडायची नाही, ओल्या फडक्याने दोनदा पुसून घ्यायची, फडकी पिशवीत बांधून टाकायची, असे मी सूनबाईंना सांगितले. त्यांनी ते त्याच दिवशी केले. आबा मात्र माझ्यासमोर पहिल्यांदा रडले. “पोरीसाठीच करत होतो,” एवढेच म्हणाले. मी त्यांना सांगितले की दोष त्यांचा नाही. जुन्या हिरव्या रंगात काय असते, हे त्यांना आजवर कुणी सांगितलेच नव्हते.

मग आम्ही कामाची वाटणी केली.

धूळ उडेल असे एकही काम आबांनी करायचे नाही. एन-९५ मास्क लावून केले तर, असा प्रश्न आपल्या मनात येईल. रुमाल किंवा कापडी मास्क बारीक धूळ अडवीत नाही, एन-९५ अडवतो, हे खरे. परंतु ज्याला आधीच धाप लागते त्याला तो लावून तासभर श्रम करणे जड जाते. शिवाय रंगाखाली सागवान होते. लाकडाची धूळ ही नुसती धूळ नव्हे. सागाच्या भुशाने काहींना त्वचेवर पुरळ उठते, काहींना दम्यासारखा त्रास होतो; आणि वर्षानुवर्षे लाकडाच्या धुळीत काम करणाऱ्यांत नाकाचा व नाकाभोवतीच्या पोकळ्यांचा कर्करोग दिसतो, म्हणून आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने तिला कर्करोगकारक ठरविले आहे. तेव्हा रंग काढण्याचे काम ओळखीच्या एका सुताराकडे दिले. त्यालाही कोरडे घासू दिले नाही. सगळे काम मोकळ्या जागेत, खाली प्लास्टिक अंथरून, पृष्ठभाग ओला ठेवून, वॉटर पेपरने. निघालेला चिखल फडक्याने टिपून पिशवीत. शेवटी साबणाने हात-तोंड धुणे आणि कपडे वेगळे धुणे. सुतार प्रथम हसला, पण त्याच्याही घरी लहान मूल आहे हे कळल्यावर त्याने ऐकले. घरात लहान मूल नसेल आणि जुना रंग घट्ट धरून असेल, तर तो मुळीच न काढता पुसून घेऊन त्यावरच नव्या रंगाचे दोन हात देणे अधिक बरे.

बाजारात मिळणाऱ्या काही रंग काढणाऱ्या द्रावणांत मिथिलीन क्लोराइड असते. त्याची वाफ श्वासावाटे गेली की शरीरात तिचा काही अंश कार्बन मोनॉक्साइडमध्ये रूपांतरित होतो. हृदयविकार असलेल्या व्यक्तीने त्या डब्याच्या वाटेला जाऊ नये.

वाळवीने खाल्लेला तळाचा कोपरा सुताराने कापून तेथे नवा तुकडा बसवला. वाळवीचे औषध घरात फवारू नये; त्यासाठी वापरतात ती काही द्रव्ये शेतातील कीटकनाशकांच्याच जातीची असतात.

उरलेले सगळे काम आबांचे. आणि खरे सांगायचे तर कौशल्याचे काम तेच होते. खिळे उपटण्यापूर्वी त्यांनी तळावर पातळ कागद पसरून पेन्सिल फिरवली आणि प्रत्येक खिळ्याची जागा उमटवून घेतली. पेटीचे सांधे सुटले होते. जुना सरस कोमट पाण्याच्या फडक्याने मऊ करून काढला, फेव्हिकॉल लावला आणि पेटीला सुतळीचा फेरा देऊन त्यात काडी पिळत पिळत ती आवळली. चौकट काटकोनात आहे की नाही, हे त्यांनी गुण्याने नव्हे, तर दोन्ही कर्ण सुतळीने मोजून ठरवले. कर्ण सारखे तर कोपरे बरोबर. “फिटरचा हिशेब आहे डॉक्टर, सुताराचा नाही,” असे मला ऐकवले. स्प्रिंगचे कोडे पंधरा दिवस चालले. बॉलपेनची स्प्रिंग फार नरम, गाडीच्या दुकानातून आणलेली फार कडक, गोळी पेटीबाहेर उडून थेट स्वयंपाकघरात. शेवटी त्यांनी पोलादी तार एका सळईवर गुंडाळून हवी तशी स्प्रिंग घडवली. त्या पंधरा दिवसांत त्यांची पहाटेची जाग मोडली नाही, पण पहाटे ते स्प्रिंगचा विचार करीत पडून राहत, असे त्यांनी सांगितले. मला हा फरक मोठा वाटला. सोबत मी नैराश्याचे एक औषधही कमी मात्रेत दिले होते, हे लपवीत नाही. केवळ पेटीने ते सुधारले, असे मी म्हणणार नाही.

काही बारीक गोष्टी आपण लिहून ठेवाव्यात. जुने गंजके खिळे जमिनीवर सांडतात. मधुमेही माणसाच्या पायाला बधिरता असेल तर खिळा रुतलेला कळतही नाही. म्हणून काम करताना पायात चप्पल हवीच, आणि उठण्यापूर्वी जमिनीवरून लोहचुंबक फिरवावे. छातीत पेसमेकर असेल तर ते लोहचुंबक छातीपासून वीतभर तरी दूर ठेवावे. रक्त पातळ होण्याच्या गोळ्या चालू असतील तर लहान जखमही वाहत राहते. स्वच्छ फडक्याने दहा मिनिटे, मध्ये उघडून न पाहता, दाबून धरावे आणि तरीही थांबले नाही तर दवाखाना गाठावा. मातीची, गंजाची जखम झाली आणि धनुर्वाताची लस घेऊन पाच वर्षे उलटली असतील तर पुन्हा घ्यावी लागते. फरशीवर मांडी घालून बसू नये. कोपराच्या उंचीचे टेबल, पाठीला टेकू, डाव्या खांद्यावरून येणारा भरपूर उजेड. सत्तरीच्या डोळ्याला तिशीच्या डोळ्यापेक्षा कितीतरी अधिक प्रकाश लागतो. हात थरथरत असेल तर पेचकसाच्या मुठीला जुने सुती फडके गुंडाळून ती जाड करावी. अर्ध्या तासाने उठावे.

पॉलिशसाठी आम्ही दिवाळीनंतरपर्यंत थांबलो. दमट हवेत चपडा लाखेच्या पॉलिशवर पांढुरकी छटा येते. शिवाय पावसात खिडक्या बंद कराव्या लागतात. चपडा ज्या स्पिरिटमध्ये विरघळवतात, त्यात मिथेनॉल मिसळलेले असू शकते. ते पोटात गेले तर दृष्टी जाते, जीवही जातो. माझी कळकळीची विनंती आहे की स्पिरिट, थिनर, रॉकेल यांपैकी काहीही पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत ओतून ठेवू नका. रात्री चष्मा न लावता तहान भागवायला उठलेला वृद्ध माणूस आणि सगळे तोंडात घालणारे मूल एकाच घरात असतात. चुकून प्यायले गेलेच तर उलटी करवू नका. बाटली सोबत घेऊन तडक रुग्णालयात जा. पॉलिशचे हात उघड्या गच्चीवर, देवापुढचा दिवा आणि गॅस यांपासून दूर द्यावेत. चपड्याऐवजी जवसाचे तेल वापरणार असाल तर तेलाची फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकू नयेत. तेल वाळताना उष्णता निर्माण होते आणि गोळा केलेली फडकी आपोआप पेटू शकतात. ती दोरीवर एकेक पसरून वाळवावीत किंवा पाण्याच्या बादलीत टाकावीत.

नातीची तपासणी तीन महिन्यांनी पुन्हा केली. आकडा ८ वरून ४ वर आला. मार्चमध्ये आणखी एकदा करायची आहे. तारीख त्यांच्या फ्रिजवर लावलेली आहे. आबांचे वजन दोन किलोने वाढले, दम आहे तेवढाच आहे. सीओपीडी मागे फिरत नाही.

डिसेंबरमध्ये मी त्यांच्या घरी रक्तदाब पाहायला गेलो, तेव्हा बॅगाटेल दिवाणखान्यात टेबलावर मांडलेले होते. सागाचा मूळ रंग, कडेला एकही टोक नाही, हात फिरवला तर मऊ. नातीने मला सात गोळ्या दिल्या. मी एकशेतीस केले, तिने चारशेवीस. आबा वहीत गुण लिहीत होते, आणि सूनबाई चहा टाकता टाकता सांगत होत्या की शेजारच्या काकूंनी त्यांचा जुना देव्हारा दुरुस्तीला आणून ठेवला आहे, निळ्या ऑइलपेंटचा.

“आणलाय, पण हात लावलेला नाही,” आबा वहीतून वर न बघता म्हणाले. “सुताराला उद्या बोलावलंय. वॉटर पेपर घेऊन ये म्हटलंय.”